दोनदा वर सरकवलं की सोयाबीन

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून हे पत्र आलं आहे. लिहिणारा मुलगा सत्तावीस वर्षांचा आहे. नाव-गाव छापू नका म्हणाला, म्हणून छापत नाही. पत्र चार पानी आहे, त्यातला गाभा एवढा:

"ताई, २०१९ साली कॉलेजात असताना आम्ही चौघा मित्रांनी एक साइट काढली. आजूबाजूच्या चार बाजार समित्यांमधले सोयाबीन, तूर, हरभरा आणि कापसाचे भाव रोज फोनवर विचारून आम्ही त्यावर टाकतो. जाहिरात नाही, वर्गणी नाही, खर्च आमच्या खिशातून. ज्याने साइट बांधली तो मित्र पुण्याला नोकरीला गेला. एक ओळ बदलायची तरी त्याला रात्री जागवावं लागायचं. म्हणून यंदा चार महिने खपून आम्ही सगळं नवं केलं आणि दिवाळीच्या पाडव्याला लोकांसमोर आणलं. त्या दिवसापासून शिव्या खातो आहोत. 'पोट्टेहो, चांगलं चाललं होतं, काहून बिघडवलं?' इथपासून 'व्यापाऱ्याकडून पैसे घेतले, म्हणून भाव लपवले' इथपर्यंत. सख्ख्या काकांनी गावच्या ग्रुपवर सगळ्यांदेखत झापलं. मी चिडून लिहिलं, 'फुकट वापरता अन् वरून तोंड करता, नसन पटत तर नका पाहू.' आता दोन मित्र म्हणतात बंद करून टाकू, तिसरा म्हणतो जुनंच परत लावू. मी काय करू?"

भाऊ,

पत्र आल्यावर मी लगेच उत्तर लिहायला बसले नाही. तू साइटचा पत्ता दिला होतास, जुन्या पानाचा फोटो आणि लोकांचे अकरा निरोपही पाठवले होतेस. ते सगळं घेऊन मी शेजारच्या दादांकडे गेले. अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, सहा एकर कोरडवाहू. ते तुमची साइट चार वर्षांपासून पाहतात, हे मला तिथे गेल्यावर कळलं. म्हटलं, दादा, आजचा सोयाबीनचा भाव काढून दाखवा बरं.

त्यांनी पान उघडलं आणि आंगठ्याने दोनदा वर सरकवलं, जवळपास न पाहताच. जुन्या पानावर दोनदा सरकवलं की सोयाबीनची ओळ बरोबर मधोमध यायची, आणि ते त्यांच्या आंगठ्याला पाठ होतं. नव्या पानावर दोनदा सरकवल्यावर तुम्हा चौघांचा फोटो आला, वर लिहिलेलं 'आमच्याबद्दल'. ते परत वर गेले, परत दोनदा सरकवलं. परत तुमचा फोटो. मग फोन तिरपा धरला, उन्हाकडे पाठ केली, डोळे बारीक केले. शेवटी बाजूचं बटण दाबून फोन खिशात घातला. "पोराईनं मेहनत केली असन," ते म्हणाले, "पन मले भाव पाह्यचा होता."

दादा तुला शिवी देणार नव्हते. निरोपही धाडणार नव्हते. उद्यापासून ते सरळ अडत्याला फोन करून भाव विचारणार होते, तुमच्या साइटच्या आधी करायचे तसा. ज्याच्यामार्फत माल विकायचा त्यालाच भाव विचारायचा. तुम्ही चौघांनी इतकी वर्षं गावोगावच्या माणसांना यातून सोडवलं आहे, हे तुझ्या मित्रांना आज दिसत नाही. म्हणून आधी उत्तर सांगते: साइट बंद करू नका. जुनी साइट उकरून परत लावायचीही गरज नाही. जुना तक्ता तेवढा परत द्या. आणि ग्रुपवर लिहिलेलं ते 'फुकट'वालं वाक्य मागे घे.

मी चौतीस वर्षं तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय सांभाळलं. तिथे एकदा मी अगदी तुझ्यासारखंच केलं होतं. वर्तमानपत्रांचं टेबल दाराजवळ असायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागायचा, रस्त्याची धूळ यायची. एका उन्हाळ्यात मी ते टेबल आत नेलं, पंख्याखाली. भिंतीला चुना मारून घेतला, नवे बाक आणवले. वाटलं, लोक दुवा देतील. तिसऱ्या दिवशी एका निवृत्त गुरुजींनी शेरेबुकात लिहिलं, "वाचकांचा छळ थांबवावा." त्याखाली सात सह्या होत्या. त्या रात्री मला झोप आली नाही. माणसांना पंख्याखाली बसवलं, हा छळ? महिनाभर मी गुरुजींशी धड बोललेही नाही.

मग एका दुपारी मी स्वतःच त्या टेबलाशी पेपर उघडून बसले. भारनियमनाचे दिवस होते. बाराला गेलेली वीज चारला यायची. पंखा बंद, ट्यूब बंद. मला मथळा दिसत होता, खालचा मजकूर दिसत नव्हता. दाराजवळ उजेड होता. गुरुजींना उजेड पाहिजे होता, पण रागाच्या भरात 'उजेड' हा शब्द त्यांना सुचला नाही, 'छळ' सुचला. टेबल मी संध्याकाळीच दाराजवळ आणून ठेवलं. बाक मात्र नवेच ठेवले, आणि त्यावर सगळे आनंदाने बसले.

तुझे अकरा निरोप मी याच नजरेने वाचले. शिव्या बाजूला ठेवल्या तर त्यात कामाच्या तीन गोष्टी निघतात.

पहिली सगळ्यात मोठी आहे. एकाने लिहिलं, "पयले सारं एका जागी दिसे, आता काईच दिसत नाई." तुला वाटलं असेल, म्हाताऱ्या माणसाला नवं जमत नाही. तसं नाही. तुमच्या जुन्या पानावर एक लांब तक्ता होता. आडव्या ओळीत शेतमाल आणि समिती, पुढे आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. दिसायला ओबडधोबड, खरं आहे. पण शेतकरी त्या तक्त्यात नुसता भाव पाहत नव्हता, तो चार बाजार ताडून पाहत होता. समज, घरात २० क्विंटल सोयाबीन आहे. जवळच्या समितीपेक्षा पुढच्या समितीत क्विंटलमागे ८० रुपये जास्त आहेत. म्हणजे १६०० रुपये. तिथवर न्यायचं तर गाडीभाडं १००० ने वाढतं. उरले ६००. आता ६०० रुपयांसाठी पहाटे तीनला उठून जायचं का? आणि तिथे आवक दांडगी असली, काट्यावर नंबर लागला नाही, रात्र गाडीत काढावी लागली तर? हा हिशेब तो तक्त्यावर बोट फिरवून मिनिटभरात करायचा. नव्या पानावर आधी तालुका निवडायचा, मग शेतमाल, मग एकच आकडा दिसतो, मोठ्या अक्षरात. दुसऱ्या समितीचा पाहायचा तर मागे जाऊन पुन्हा निवडायचं. तिथे पोचेपर्यंत पहिला आकडा डोक्यातून गेलेला असतो.

आमच्या ग्रंथालयशास्त्रात रंगनाथनांचे पाच नियम आहेत, १९३१ सालचे. त्यातला चौथा म्हणतो, वाचकाचा वेळ वाचवा. तुम्ही वेळ नक्की वाचवला, पण तो भाव टाकणाऱ्याचा. भाव पाहणाऱ्याचा वाढला.

आणि तुला सगळ्यात जिव्हारी लागलेला तो पैशांचा आरोप? तो इथूनच आला. नव्या पानावर फक्त सर्वसाधारण दर दिसतो. जास्तीत जास्त दर पाहायला 'अधिक माहिती' दाबावं लागतं. काल जो आकडा डोळ्यांसमोर होता तो आज दिसत नाही. आपल्या भागातल्या माणसाने काट्यावर, कडत्याच्या (वजनातल्या कपातीच्या) नावाखाली, ओलाव्याच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या इतकं सोसलं आहे, की आकडा दिसेनासा झाला की 'कुणीतरी लपवला' हेच त्याच्या मनात पहिलं येतं. तो आरोप खोटा आहे आणि ज्याने केला त्याने तुझ्यावर अन्याय केला. पण तो माणूस तुझ्याविषयी बोलत नव्हता, तो बाजाराविषयी बोलत होता. त्याच्याशी भांडू नकोस. जास्तीत जास्त दर परत वर आण. प्रत्येक ओळीखाली भाव किती वाजता घेतला ते लिही. पानाच्या तळाशी दोन ओळी टाका: वर्षाचा खर्च एवढा, तो आम्ही चौघांनी केला, कुणाकडून पैसा घेत नाही. रोज दिसतील अशा दोन ओळी, बास.

दुसरी गोष्ट उजेडाचीच, माझ्या गुरुजींसारखी. "उनात कोरं दिसते," असा निरोप आहे. तुमची अक्षरं फिकट राखाडी, मागे पांढरं. रात्री खोलीत बसून संगणकावर ती देखणी दिसली असतील. पण तुमचं पान कुठे उघडलं जातं? समितीच्या आवारात, भर दुपारी, ओरखडे पडलेल्या काचेवर. वेबसाइट सगळ्यांना वाचता याव्यात म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने नियम घालून दिले आहेत. त्यात साध्या आकाराच्या अक्षराचा रंग आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचं प्रमाण निदान ४.५ ला १ असावं असं सांगितलं आहे. हे मोजून देणाऱ्या सोयी फुकट मिळतात, मोजून पाहा. त्याहून सोपं म्हणजे, दुपारी बाराला फोन घेऊन वावरात उभा राहा. काळं अक्षर, पांढरा कागद. पंचांग तसंच छापतात आणि ते कंदिलाच्या उजेडातही वाचता येतं.

तिसरी गोष्ट छोटी आहे. वरचे फिरते फोटो काढून टाका. रेंज दोन कांड्यांची असते, दिवसाचा पॅक मोजका असतो, आणि सोयाबीनच्या शेताचा फोटो शेतकऱ्याला दाखवून काय करायचं!

आता तुझा तिसरा मित्र म्हणतो ते, जुनंच परत लावू. त्याचं मन मला कळतं, शिव्या थांबाव्यात एवढंच त्याला पाहिजे. पण जुन्या साइटला पुण्याचा मित्रच लागणार. तो आजारी पडला, त्याचं लग्न झालं, नोकरी बदलली, की तुमचे भाव बंद. जुनं कायम धरून ठेवता येतच नाही, कधी कधी काळच ते मोडतो. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासून जगभरच्या लोकांनी फुकट बनवत आणलेला नकाशा आहे. त्यात भर घालायचं एक आवडतं साधन फ्लॅश नावाच्या जुन्या प्रणालीवर चालायचं. २०२० संपता संपता ब्राउझरमधून फ्लॅशच गेला. तिथे लोकांच्या रागालोभाचा प्रश्नच उरला नाही.

तुमची गोष्ट त्याहून सोपी आहे, आणि हे तुम्हा चौघांच्या लक्षात कसं आलं नाही याचं मला नवल वाटतं. तुम्हाला सोय हवी होती ती आतली: फोनवरून कुणालाही भाव भरता यावा, रात्र जागावी लागू नये. ती सोय नव्या बांधणीत झाली. तिचा आणि तक्ता मोडण्याचा संबंध काय? कवेलू काढून पत्रे टाकले म्हणून कुणी चूल दुसऱ्या खोलीत नेत नाही. आतली बांधणी नवीच राहू द्या. तिच्यातून जुना तक्ता जसाच्या तसा बाहेर काढा: तोच क्रम, त्याच ओळी, आणि दोनदा सरकवलं की सोयाबीन. तुमचं 'निवडा'वालं पान खाली राहू द्या. ज्याला एकाच समितीचा भाव पाहायचा त्याला ते आवडेलही, नव्या पोरांना नक्की आवडेल. तुमचे चार महिने वाया गेले नाहीत.

हे तुमच्याच नशिबी आलं असं समजू नकोस. निवृत्तीनंतर मी विकिपीडियावर लिहिते. आपल्याकडच्या नद्या, किल्ले, पिकं यांवरचे इंग्रजी लेख वाचायचे आणि मराठी लेखात भर घालायची, हा माझा दुपारचा उद्योग. इंग्रजी लेखाच्या डाव्या कडेला भाषांची लांब यादी असायची. खाली उतरत गेलं की 'मराठी' यायचं, दाबलं की मी आपल्या घरी. १८ जानेवारी २०२३ ला इंग्रजी विकिपीडियाचं रूप बदललं. त्याआधीचं २०१० पासून होतं. डाव्या कडेला आता लेखाची अनुक्रमणिका येऊन बसली होती आणि भाषांची यादी वर उजवीकडे एका बटणाआड गेली होती. मला ते बटण दिसलं नाही. मला वाटलं, मराठी काढून टाकली. छातीत धस्स झालं, भाच्याला फोन लावला, आणि त्याच्याशी मी ज्या आवाजात बोलले तो तुझ्या काकांच्या निरोपापेक्षा फार वेगळा नव्हता. म्हणून सांगते, भाव लपवले असं त्यांना का वाटलं ते मला आतून कळतं.

तिकडे लोकांचा सगळ्यात जास्त राग निघाला तो पांढऱ्या जागेवर. ओळी आखूड केल्या होत्या, त्यामुळे संगणकावर दोन्ही बाजूंना पान रिकामं दिसायचं. आखूड ओळ वाचायला सोपी जाते हे खरं आहे, वर्तमानपत्राचा कॉलम त्यासाठीच अरुंद असतो. पण संपादकांपैकी कित्येकांना मोठे तक्ते पाहायचे असतात, तुझ्या शेतकऱ्यांसारखेच. जुनं परत आणा म्हणून मोठी चर्चा झाली, शेकडो जणांनी मत दिलं. जुनं परत आलं नाही. तरी विकिपीडिया मोडला नाही, लोक लिहीत राहिले. मला त्याची दोन कारणं दिसतात. खातं असलेल्या कुणालाही आपल्यापुरतं जुनं रूप निवडता येतं. २०१० चं तर मिळतंच, त्याच्याही आधीचं २००४ चं मिळतं. आणि ज्याला पांढरी जागा खटकते त्याला पान पूर्ण रुंद करायचं बटण दिलं. शिवाय फ्रेंच विकिपीडियासारख्या काही ठिकाणी हे रूप २०२० पासून वापरून पाहणं चालू होतं. तुम्ही एका रात्रीत केलंत.

हे शहाणपण त्यांनाही ठेच लागूनच आलं. २०१३ च्या जुलैत त्यांनी नव्या माणसाला खुणा-चिन्हं न शिकता लिहिता यावं असं साधन इंग्रजी विकिपीडियावर सगळ्यांसमोर आणलं. हेतू चांगला, पण साधन कच्चं होतं. सप्टेंबरात ते 'ज्याला पाहिजे त्याने चालू करावं' असं करावं लागलं. पुढच्या वर्षी तर गोष्ट हाताबाहेर गेली. फोटो मोठा करून दाखवणारी एक सोय जर्मन विकिपीडियावरच्या लोकांना आपोआप चालू झालेली नको होती. त्यांनी मत घेऊन तसं ठरवलं. विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेने २०१४ च्या ऑगस्टमध्ये ती सोय चालूच राहावी म्हणून तिच्या मांडणीला कुलूप घातलं, असं की वर्षानुवर्षं फुकट राबणाऱ्या प्रबंधकांनाही ते बदलता येऊ नये. ते कुलूप निघायला २०१५ चा नोव्हेंबर उजाडला. भांडण फोटोच्या एका सोयीवरून सुरू झालं होतं. जुन्या संपादकांच्या लक्षात आजही राहिलं आहे ते कुलूप.

'नसन पटत तर नका पाहू' हे तुझं वाक्य त्या कुलपासारखं आहे.

तुला ते लिहावंसं का वाटलं, हे मला कळत नाही असं समजू नकोस. चार महिने रात्री जागायचं, पदरचे पैसे घालायचे आणि घरच्याच माणसाने चारचौघांत बोलायचं. कुणालाही लागेल. पण 'फुकट' हा शब्द देणाऱ्याने काढायचा नसतो. शेगावला सेवेकरी असतात. त्यांना पगार नसतो, तरी ते समोर येईल त्याला 'माउली' म्हणतात. प्रसादाची रांग हळू चालली आहे म्हणून कुणी कुरकुरला, तर 'फुकट जेवता' असं तिथे कुणी म्हणत नाही. आणि दुसरं असं की तुझे लोक फुकट वापरत नव्हतेच. शेजारच्या दादांनी ती दोन सरकवणी चार वर्षांत हातात बसवली. वाचायला अडखळणाऱ्याने कोणत्या ओळीत काय असतं ते जागेवरून पाठ केलं. ही त्यांची कमाई होती. ती तुम्ही पाडव्याच्या रात्रीत, एका शब्दाने न विचारता पुसून टाकली. पुण्याच्या मित्राला रात्री जागवावं लागतं हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं का? पत्रात तरी तसं दिसत नाही. 'मित्र परगावी आहे, एकट्याने झेपत नाही, म्हणून बदलतो आहोत' असं दिवाळीआधी ग्रुपवर टाकलं असतं, तर आपल्याकडची माणसं एवढी कठोर नाहीत.

आणि वेळ! सोंगणी आटोपून माल विकायला निघालेला, सीतादही (कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा) होऊन कापूस घरात येऊ लागलेला, अशा दिवसांत तुम्ही भावाचं पान हलवलं. सालदार गुढीपाडव्याला ठरवतात, भर सोंगणीत बदलत नाहीत. पुढचा कुठलाही मोठा बदल गुढीपाडव्यानंतर करा, समितीत गर्दी नसताना. महिनाभर आधी सांगा. जुनं-नवं दोन्ही निदान एक हंगाम शेजारी-शेजारी चालू द्या, आणि जुनं कधी जाणार त्याची तारीख पानावरच लिहा.

सेवेकऱ्यांकडून आणखी एक घेण्यासारखं आहे. ते पाळीने येतात, पाळी संपली की घरी जातात. तुम्ही चौघंही दिवसरात्र तो ग्रुप पाहत बसला आहात, म्हणून दोघं थकले. वार वाटून घ्या. ज्याचा वार, त्याने संध्याकाळी एकदा निरोप वाचायचे. शिवीला उत्तर द्यायचं नाही, त्यात तक्रार असेल तर ती वहीत उतरवायची. आईबहिणीवरून बोलणाऱ्याला ग्रुपातून काढा, ते सोसायचं बंधन तुमच्यावर कुणी घातलेलं नाही. ज्या दोन मित्रांना सोडायचं आहे त्यांना खरंच दोन-तीन महिने सुट्टी द्या, मनात काही न ठेवता. तक्ता परत आल्यावर लोकांचे फोन येतील, तेव्हा त्यांचं मन आपोआप वळेल असं मला वाटतं. नाही वळलं तरी त्यांनी २०१९ पासून दिलं ते पुष्कळ आहे.

तक्ता लावायच्या आधी पाच माणसांना बसवून पाहा. पाचच पुरेत. जेकब नील्सन या अभ्यासकाने २००० साली हेच मांडलं होतं, की पाच जणांना वापरताना पाहिलं तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. पण पाचही जण मित्र नकोत. एखादी बाई घे, जी एकटीने शेती पाहते आणि पोराचा फोन मागून भाव बघते. एखादा असा घे, ज्याला आकडे वाचता येतात पण अक्षरं अडतात. समोर बसायचं, 'तुरीचा भाव काढा' एवढंच म्हणायचं आणि मग तोंड मिटून त्यांच्या आंगठ्याकडे पाहायचं. 'तिथे नाही, इकडे दाबा' असं म्हणायचं नाही. फार जड जातं ते, मला दादांसमोर गेलं. जिथे आंगठा थबकतो तिथे तुमची चूक आहे.

आणि पाचातले पहिले तुझे काका असू देत. त्यांनी चारचौघांत बोलायला नको होतं. तुला एकट्याला अंगणात बोलावून बोलले असते तर बरं झालं असतं, आणि हे तू त्यांना पुढे कधी निवांत सांगूही शकतोस. पण आधी ग्रुपवर लिही, 'माझं बोलणं चुकलं, तक्ता आठ दिवसांत परत येतो.' एवढंच, खुलासे नकोत. मग एखाद्या सकाळी त्यांच्याकडे जा, ते जनावरांचं आटोपून चहाला बसतात त्या वेळेला. नवा फोन दाखवायला नेऊ नकोस, त्यांच्याच फोनवर पान उघडायला सांग. विचार, काका, तक्त्यात पहिली ओळ कोणती ठेवू, आणि तिच्याखाली कोणती? ते सांगतील तो क्रम उतरवून घ्यायला वही-पेन घेऊन जा.